मधाची नळी : भरणे आणि बंद करणे

मधाची नळी म्हणजे शीतपेयाच्या स्ट्रॉच्या जाडीची, दोन्ही टोके वितळवून बंद केलेली छोटी नळी. तिच्यात साधारण पाच ग्रॅम मध मावतो, म्हणजे चहाचा पाऊण चमचा. एक टोक कात्रीने छाटायचे आणि मध थेट तोंडात घ्यायचा, नाहीतर कोमट पाण्यात पिळायचा. चमचा नको, बाटली नको, चिकट हात नकोत. अमेरिकेत मधपाळ आपल्या बाजारातल्या टेबलावर अशा नळ्यांचे जुडगे बरणीत उभे करून ठेवतात आणि लहान मुले त्या सुट्ट्या विकत घेतात. कारखान्यात हे काम अखंड नळीत मध भरत, ठरावीक अंतरावर दाबून चिकटवत जाणारे यंत्र करते. घरी एकेक नळी हाताने करावी लागते. काम वेळखाऊ आहे, अवघड नाही. मात्र मध, नळीचे प्लॅस्टिक आणि नळीचे टोक या तिन्हींचा स्वभाव ठाऊक नसेल तर अर्ध्या नळ्या गळतात.

आधी हिशेब. नळीचा आतला व्यास ५ मिलिमीटर आणि मध भरलेली लांबी १८ सेंटिमीटर धरली तर तिच्यात साडेतीन मिलिलिटर मध बसतो. मध पाण्याच्या जवळजवळ १.४ पट जड असल्याने वजन पाच ग्रॅमच्या आसपास येते. एक किलो मधाच्या दोनशे नळ्या होतात असे कागदावर दिसते. भांड्याला चिकटून राहणारा, पुसताना जाणारा आणि फसलेल्या नळ्यांतला मध वजा केला तर पहिल्या खेपेला पावणेदोनशे हाती आल्या तरी बरेच म्हणायचे. नळीतल्या मधातून पंधरा कॅलरी मिळतात.

बेळगाव जिल्ह्यातल्या सदलगा, बोरगाव, भोज, निपाणी या पट्ट्यात असा उद्योग करायचा तर पहिला प्रश्न मधाचा. दूधगंगेच्या काठचा हा सपाट, बागायती मुलूख उसाचा आहे आणि ऊस मधमाशीच्या फारसा उपयोगाचा नाही. तो गवताच्या कुळातला. त्याच्या तुऱ्यात मकरंद नसतो. निपाणी भागातल्या तंबाखूला फूल येते, पण पान भरावे म्हणून शेतकरी शेंडेच खुडतात, त्यामुळे तीही फुले माशीच्या वाट्याला येत नाहीत. उरतात बांधावरची करंज, कडुनिंब, चिंच, बाभूळ आणि कुठे सूर्यफुलाचे शेत. गुऱ्हाळघरावर मात्र हंगामात माश्या घोंघावताना दिसतात. त्या उसाचा रस आणि काकवी उचलतात. पोळ्यात त्याचाही घट्ट गोड पाक तयार होतो. पण मध म्हणजे फुलांच्या मकरंदापासून माशीने केलेला पदार्थ, आणि हा पाक त्या व्याख्येत बसत नाही. प्रयोगशाळेत तो ओळखूही येतो. ऊस आणि मका या वनस्पती कार्बन वेगळ्या मार्गाने बांधतात, त्याला शास्त्रात सी-४ म्हणतात. मकरंद देणाऱ्या बहुतेक झाडांचा मार्ग सी-३. दोन्हींच्या साखरेतल्या जड कार्बनचे प्रमाण वेगळे असते. भारताच्या अन्नसुरक्षा मानकांत मधातल्या सी-४ साखरेला ७ टक्क्यांची मर्यादा आहे. ऊसपट्ट्यातल्या मधपाळाने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. भेसळ न करताही गुऱ्हाळाशेजारच्या पेटीतला मध या चाचणीत नापास होऊ शकतो.

म्हणून या भागात चांगला मध वरून, सह्याद्रीकडून येतो. भुदरगड तालुक्यातले पाटगाव ‘मधाचे गाव’ म्हणून निवडले गेले आहे; तिथल्या धरणातून निघालेली वेदगंगाच पुढे दूधगंगेला मिळते आणि ती दूधगंगा सदलग्याजवळून कृष्णेकडे जाते. सातारा जिल्ह्यातले मांघर हे २०२२ साली जाहीर झालेले महाराष्ट्रातले पहिले मधाचे गाव. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत १९६२ पासून माशीपालन शिकवले जाते. आजरा, चंदगड, राधानगरीच्या रानात जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर सातेरी माशी मध करते. पेटीत पाळली जाते तीही सातेरीच, नाहीतर बाहेरून आलेली मेलिफेरा. आग्या मोहोळाचा मध जंगलातून गोळा होतो आणि त्यात पाण्याचे प्रमाण बहुधा जास्त असते.

नळीसाठी मध निवडताना हेच पाणी सर्वांत महत्त्वाचे ठरते. मधातले पाणी २० टक्क्यांच्या वर नसावे अशी मानकांची अट आहे. व्यवहारात १८ टक्क्यांच्या आतबाहेरचा मध असेल तर चिंता नाही. एवढ्या घट्ट साखरेत जिवाणूंना वाढण्यापुरते मोकळे पाणी मिळत नाही, म्हणून मध न तापवता, काहीही न मिसळता टिकतो. पण साखर सोसणारे काही यीस्ट मधात असतातच. पाणी वीसच्या पुढे गेले की ते जागे होतात, मध आंबतो, कर्बवायू सुटतो. बाटलीत असे झाले तर झाकण उघडताना फस्स आवाज येतो. नळीला झाकण नसते, ती टम्म फुगते आणि चिकटवलेले टोक उलते. पोळ्यातली घरे माश्यांनी मेणाने बंद केल्यावर काढलेला, म्हणजे पिकलेला मध घ्यावा. सगळे पोळे पिळून काढलेला मध नळीला चालत नाही. त्यात मेणाचे आणि परागाचे कण असतात आणि ते अरुंद तोंडात अडकतात. मध पातळ सुती कापडातून गाळून एक-दोन दिवस उंच भांड्यात झाकून ठेवला की बुडबुडे आणि फेस वर येतो. तो काढून टाकायचा. भांडे स्टीलचे किंवा काचेचे हवे. मध आंबट असतो, लोखंडाला आणि कल्हई नसलेल्या पितळेला तो खातो.

पावसाळ्यात हे काम करू नये. मध हवेतले पाणी ओढून घेतो. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडा मध पातळ होऊ लागतो, आणि आषाढ-श्रावणात सदलग्यात काय, निपाणीत काय, आर्द्रता त्याच्या कितीतरी वर असते. माघ ते चैत्र हे दिवस योग्य: हवा कोरडी आणि दुपारी मध आपोआप सैल झालेला.

आता नळी, आणि इथे कायदा आडवा येतो. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून टाकायच्या ज्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, त्यांच्या यादीत प्लॅस्टिकचा स्ट्रॉ स्पष्ट नावानिशी आहे. त्याचे उत्पादन, साठा, विक्री, वापर सगळेच बंद. परदेशी पुस्तकांत आणि चित्रफितींत ‘साधे पॉलिप्रॉपिलीनचे स्ट्रॉ घ्या’ असे सहज सांगितलेले असते; ते इथे लागू नाही. कागदी स्ट्रॉ बंदीत नाही, पण तो वितळून चिकटत नाही आणि मधातल्या पाण्याने मऊ पडतो. म्हणजे दोनच रस्ते राहतात.

पहिला रस्ता कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीचा. बंदीच्या अधिसूचनेने अशा प्लॅस्टिकच्या वस्तूंना सूट दिली आहे. मात्र ते आयएस १७०८८ या मानकात बसलेले आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असलेले हवे. पाकिटावर प्रमाणपत्राचा क्रमांक नसेल आणि नुसते ‘इको’, ‘बायो’ असे हिरव्या अक्षरात लिहिले असेल तर घेऊ नये. या नळ्या बहुतेक पीएलएच्या, म्हणजे मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून केलेल्या प्लॅस्टिकच्या असतात. ते १५० ते १६० अंशांना वितळते, पण ६० अंशांनाच मऊ पडते, म्हणून उन्हात उभ्या मोटारीत त्या नळ्या ठेवू नयेत. शिवाय त्यांतून बाष्प पॉलिप्रॉपिलीनपेक्षा लवकर आरपार जाते, तेव्हा त्यांतला मध काही आठवड्यांतच संपवावा.

दुसरा रस्ता जास्त गावठी आणि बहुधा जास्त शहाणपणाचा. उन्हाळ्यात शाळेच्या दारात जी ‘पेप्सी’ मिळते, रंगीत सरबत गोठवलेली लांबट पिशवी, तिचे भेंडोळे निपाणी-इचलकरंजीच्या प्लॅस्टिकच्या दुकानांत मिळते. ती पॉलिथिनची सपाट नळीच असते. एक इंच रुंदीची घेतली तर सहा-सात सेंटिमीटरच्या तुकड्यात पाच ग्रॅम मध आरामात बसतो. पिशवी खाद्यपदार्थासाठीची, बिनरंगी, नव्या प्लॅस्टिकची आणि निदान ५० मायक्रॉन जाडीची असावी. हे पॉलिथिन ११० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे चिकटवायला सोपे जाते. दिसायला ती स्ट्रॉसारखी देखणी नाही. पण ती दातानेही फाटते आणि बंदीच्या यादीतल्या स्ट्रॉचा प्रश्नच येत नाही.

नळी कुठलीही असो, ती धुऊ नये. हा सल्ला स्वच्छतेच्या विरुद्ध वाटेल, पण आत राहिलेला पाण्याचा एक थेंब पाच ग्रॅम मधातले पाणी एका फटक्यात टक्काभराने वाढवतो. बंद पाकिटातली नवी नळी तशीच वापरावी. धुतलीच तर पूर्ण वाळेपर्यंत, तेही उन्हात न ठेवता वाऱ्यावर, थांबावे.

भरण्याचे सगळे शास्त्र दाटपणात आहे. नेहमीच्या तापमानाला मध पाण्याच्या सुमारे दहा हजार पट दाट असतो. द्रव अरुंद नळीतून किती वाहतो याचा नियम १८४० च्या दशकात प्वाझय या फ्रेंच वैद्याने मांडला. त्याला बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसे फिरते ते समजून घ्यायचे होते. त्या नियमाप्रमाणे प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. नळीचा व्यास निम्मा केला तर मध सोळावा हिस्साच येतो. ५ ऐवजी ६ मिलिमीटरची नळी घेतली, डोळ्याला फरक कळतही नाही, तरी मध दुप्पट वेगाने उतरतो. कॉफी ढवळायच्या तीन मिलिमीटरच्या काड्यांत मध भरण्याची हौस म्हणूनच धरू नये.

नळीची जाडी ठरलेली असेल तर बदलता येते ते तापमान. २५ अंशांच्या मधाने ५ मिलिमीटरची उभी नळी आपल्या वजनाने भरायला दोन-तीन मिनिटे लागतात. तोच मध ४० अंशांचा झाला की अर्ध्या मिनिटाच्या आत काम होते. त्यासाठी मधाचे भांडे अंघोळीच्या पाण्याइतक्या कोमट पाण्यात तासभर ठेवायचे, मधूनमधून पाणी बदलायचे. मध गॅसवर कधीच ठेवू नये, मायक्रोवेव्हमध्येही नाही. जास्त तापवला की मधातली फळशर्करा मोडून एचएमएफ नावाचे संयुग वाढते. मानकांत त्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे, आणि जुना किंवा तापवलेला मध याच आकड्यावरून पकडला जातो. मध तापवू नये हे आयुर्वेदानेही सांगून ठेवले आहे. कारण वेगळे दिले असेल, पण सल्ला तोच. साखर बसलेला, म्हणजे गोठलेला मध असेल तर याच कोमट पाण्यात तो पूर्ण सैल होईपर्यंत धीर धरावा. एक कण राहिला तरी तो नळीत पुन्हा स्फटिकांची सुरुवात करतो.

भरायला साधन कोणते घ्यावे याबद्दल बरीच चर्चा करता येईल. खरे म्हणजे तीनच कामाची आहेत. मेंदीचा कोन: जाड प्लॅस्टिकचा, नवा, टोक नळीत जाईल एवढेच कापलेला. सॉसची निमुळत्या तोंडाची बाटली. आणि औषधाच्या दुकानातली सुई नसलेली वीस किंवा पन्नास मिलिलिटरची सिरिंज. सिरिंज सगळ्यांत चांगली, कारण तिच्यावर माप असते आणि दट्ट्याचा दाब एकसारखा राहतो. ती उलटीही वापरता येते: नळीचे एक टोक मधात बुडवायचे, दुसऱ्या टोकाला सिरिंज लावून दट्ट्या मागे ओढायचा, मध वर चढतो. या पद्धतीत नळीचे बाहेरचे टोक मधाने माखते आणि मग पुसत बसावे लागते. कोनाने किंवा सिरिंजने एका बाजूने भरणे हीच सरळ रीत.

बहुतेक जण चुकतात ते इथे. आधी एक टोक चिकटवायचे आणि मग उघड्या टोकाने मध घालायचा हे स्वाभाविक वाटते; पण मग आतल्या हवेला जायला वाट नसते. मध वर अडकतो, खाली हवेचा रकाना राहतो, आणि जोर लावला की ती हवा मधासकट गचकन बाहेर येऊन चिकटवायचे टोक बरबटवते. दोन्ही टोके उघडी ठेवूनच भरावे. मध पुढे सरकत हवा ढकलत नेतो. दुसऱ्या टोकाला दीड सेंटिमीटर राहिले की थांबायचे आणि नळी आडवी ठेवायची. दाट मध लगेच सांडत नाही, चिकटवायला वेळ मिळतो. पेप्सीच्या रुंद पिशवीचे उलटे आहे: तिचे तोंड मोठे, हवा बाजूने निघून जाते, म्हणून ती आधी तळाशी चिकटवून वरूनच भरावी.

ती दीड सेंटिमीटरची मोकळी, कोरडी जागा दोन्ही बाजूंना हवीच. गोल नळी चपटी करताना तिच्यातली जागा शून्यावर येते आणि तिथे जे असेल ते आत-बाहेर ढकलले जाते. ५ मिलिमीटरची नळी चपटी झाल्यावर जवळजवळ आठ मिलिमीटर रुंदीची पट्टी होते. त्या पट्टीच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये मधाचा पातळ थर राहिला तर प्लॅस्टिक प्लॅस्टिकला टेकतच नाही. वितळवले तरी वरून चिकटल्यासारखे दिसते आणि दोन दिवसांनी तिथूनच पाझरते. म्हणून सिरिंजचे तोंड नळीत निदान दीड सेंटिमीटर आत घालायचे, भरून झाल्यावर दट्ट्या किंचित मागे घ्यायचा म्हणजे तार तुटते, आणि मग सिरिंज भिंतीला न लावता सरळ बाहेर काढायची. तरी टोक माखलेच तर कानात घालायच्या कापसाच्या काडीने, आधी किंचित ओल्या आणि मग कोरड्या, आतून पुसायचे. घाई नडते ती इथेच. पन्नास नळ्या भरून ठेवून मग एकदम चिकटवायला बसण्यापेक्षा दहा-दहाचे घाणे करावेत, कारण आडव्या नळीतला मधही हळूहळू कोरड्या टोकाकडे सरकत असतो.

चिकटवण्याची सगळ्यांत साधी रीत मेणबत्ती आणि लांब चोचीच्या पकडीची. नळीचे टोक पकडीत असे धरायचे की जबड्याच्या बाहेर दोनच मिलिमीटर कड डोकावेल. ती कड ज्योतीच्या बाजूला न्यायची, ज्योतीत नव्हे. ज्योतीत धरली की काजळी बसते आणि प्लॅस्टिक पेटते. क्षणभरात धुरकट कड काचेसारखी पारदर्शक होते, आकसते आणि पकडीच्या तोंडाशी तिचा बारीक मणी होतो. तिथेच थांबायचे. लोखंडी जबडा उष्णता शोषून घेतो, म्हणून खालचा मध तापत नाही आणि वितळण्याची रेघ जबड्याच्या काठावरच थांबते. पकड आणखी तीन-चार सेकंद तशीच दाबून ठेवायची. मणी पुन्हा दुधाळ झाला म्हणजे प्लॅस्टिक घट्ट झाले. गरम असताना पकड सोडली तर नळी पूर्ववत गोल होऊ पाहते आणि सांधा मधोमध उकलतो. पॉलिथिनच्या पिशवीला पकडीऐवजी हॅक्सॉचे जुने पाते वापरतात. पिशवीचे तोंड पात्यावर दुमडून कड मेणबत्तीवरून सरळ एका हाताने फिरवतात. लग्नकार्यातल्या चिवड्याच्या पुड्या पुष्कळ घरांत अशाच बंद होत आल्या आहेत.

ज्या बचत गटांकडे पापड-मसाल्यासाठी हँड सीलिंग मशीन आहे त्यांचे काम आणखी सोपे. त्यात नायक्रोमची पट्टी टेफ्लॉनच्या कापडाखाली असते. दांडी दाबली की सेकंदभर तिच्यातून वीज जाते, पट्टी तापते आणि दिवा विझल्यावर लगेच निवते. दिवा विझल्यानंतरही दांडी दोन-तीन सेकंद दाबून ठेवायची. कारण पकडीसारखेच, सांधा दाबाखाली थंड व्हायला हवा. चकतीवरचा आकडा नळीच्या जाडीप्रमाणे शोधावा लागतो. कमी ठेवला तर सांधा नखाने उलगडतो, जास्त ठेवला तर पट्टीच्या रेघेवर प्लॅस्टिक कापले जाते. आधी चार-पाच रिकाम्या तुकड्यांवर आकडा ठरवावा. पीएलएला पॉलिथिनपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, शिवाय ते कडक असल्याने चपटे करताना दुमडीवर चिरते. टोक आधी थोडे गरम करून मऊ केले तर चिरत नाही. केस सरळ करायच्या इस्त्रीनेही नळी चिकटते, पण ती इस्त्री मग केसांच्या कामाची राहत नाही.

तयार नळी तपासायची ती दोन बोटांनी दाबून, पाण्याच्या वाटीत बुडवून. बुडबुडा आला तर सांधा कच्चा. त्यानंतर सगळ्या नळ्या पुसून, रात्रभर एका टोकावर उभ्या करून कागदावर ठेवाव्यात, दुसऱ्या रात्री उलट्या. कागदावर डाग पडला की ती नळी बाजूला. डोळ्याला न दिसणारी गळती मुंग्या दाखवतात, आणि त्यांच्याइतका काटेकोर तपासनीस दुसरा नाही. फसलेल्या नळ्यांतला मध वाया घालवण्याचे कारण नाही, पण तो परत मूळ भांड्यात ओतू नये. पाण्याचा अंश त्यात गेलेला असतो. तो त्याच दिवशी चहात संपवावा.

चवी मिसळायची हौस असेल तर कोरड्याच मिसळाव्यात: सुंठीची पूड, दालचिनी, वेलदोडा, तेही वस्त्रगाळ. आल्याचा रस, लिंबू, तुळशीचा अर्क हे सगळे पाणीच आहे आणि त्याने नळी आंबते. नळ्या अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवाव्यात. फ्रिजमध्ये नकोत, मध १० ते १५ अंशांच्या दरम्यान सगळ्यांत लवकर गोठतो. गोठला तरी बिघडलेला नसतो, फक्त नळीतून निघत नाही. मूठभर नळ्या कोमट पाण्यात धरल्या की पुन्हा वाहता होतो.

सदलग्यात या सगळ्याला आणखी एक बाजू आहे. हे दिगंबर जैन आचार्य विद्यासागर महाराजांचे जन्मगाव. १० ऑक्टोबर १९४६ रोजी त्यांचा इथे जन्म झाला. या गावात आणि आसपासच्या पट्ट्यात जैन घरे पुष्कळ आहेत. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांत मोजला जातो, त्यामुळे अनेक घरांत मध औषधापुरताही येत नाही. अशा घरांसाठी हीच नळी काकवीने भरता येते, आणि काकवी तर दारातली. गुऱ्हाळात उकळता रस १०५ अंशांच्या आसपास असताना काहिलीतून काढला तर काकवी होते; तसाच आटवत ११८ अंशांच्या पुढे नेला तर गूळ. गुळव्या हे थर्मामीटरविना, उकळीच्या बुडबुड्यावरून आणि पाण्यात टाकलेल्या थेंबावरून ओळखतो.

काकवी भरण्याचे नियम मधाहून थोडे वेगळे आहेत. तिच्यात पाणी जास्त, ढोबळमानाने तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणून ती नळीत सरसर उतरते, कोमट करावी लागत नाही; पण तितक्याच सहज उघड्या टोकाने सांडते, तेव्हा एकेक नळी भरून लगेच चिकटवावी. ताजी काकवी आठ-दहा दिवस बरणीत स्थिर ठेवून वरची निवळ तेवढी घ्यावी, तळाशी मळी आणि साखरेचे कण बसतात. साखर बसू नये म्हणून काकवीत अगदी थोडे सायट्रिक आम्ल घालण्याची पद्धत आहे. घरी त्यासाठी लिंबाच्या फुलाची, म्हणजे याच आम्लाची, चिमूट पुरते. मधासारखी ती स्वतःच्या जोरावर टिकत नाही. काकवीच्या नळ्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि दोन-तीन आठवड्यांत संपवाव्यात. फुगलेली नळी फेकून द्यावी, चाखून पाहू नये.

घरच्यापुरत्या केलेल्या नळ्यांना परवाना लागत नाही. विकायच्या असतील, मग त्या जत्रेत असोत की शेजारच्या दुकानात, तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करून पाकिटावर नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन, भरल्याची तारीख आणि करणाऱ्याचा पत्ता छापावा लागतो. एकेका नळीवर एवढे मावत नाही, म्हणून दहा-वीस नळ्यांचे पाकीट करणे सोयीचे.

त्या पाकिटावर आणखी एक ओळ ठळक अक्षरात असावी: एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. मधात बोट्युलिझम या आजाराच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाला त्यांचा त्रास होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. मध कोमट करून, गाळून किंवा नळीत बंद करून हे बीजाणू मरत नाहीत. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला मध चाटवायची आणि गुटी मधात उगाळायची चाल जुनी आहे. ज्या घरात तान्हे बाळ आहे तिथे नळी भेट देताना हे तोंडानेही सांगावे.